कुळागरात सापडलेली नाणी: घासायची की तशीच ठेवायची?

कुळागरी (फोंडा)

नमस्कार मंडळी. आमचं जुनं मातीचं घर गेल्या उन्हाळ्यात उतरवलं. आता तिथे जोतं आणि तुळशीवृंदावन तेवढं शिल्लक आहे, मागे पोफळी-माडांचं कुळागर. मावसभाऊ आखातातून सुट्टीवर आला तो मेटल डिटेक्टर घेऊनच. मग काय, दोघांनी अंगण आणि कुळागरात उतरणारी पाणंद पालथी घातली. यंत्र सारखं कोकलत असतं आणि उकरलं की खिळा, बिजागरी, कौलाची तार नाहीतर सोड्याच्या बाटलीचं बूच.

पण थोडी नाणीही निघाली. एक तांब्याचं, मोठं, राजाचा मुखवटा आणि १८८१ स्पष्ट वाचता येतं. दोन जाड, वेडीवाकडी तांब्याची, एकावर ‘श्री’ आहे आणि खाली बहुतेक ‘राजा’. एक करड्या रंगाचं, नखाने चरा पडेल इतकं मऊ, त्यावर चाकासारखं काहीतरी. आणि एक रुपेरी, १९४७ चं, कडेला हिरवट थर चढलेलं. वेडीवाकडी जी आहेत त्यांपैकी एकावर फिकट हिरवी भुकटी आहे, बोटाला लागते.

दोन प्रश्न. साफ कशाने करू? आणि यंत्राचं हे कोकलणं थांबवायचं कसं? फोटो जोडले आहेत.

सुशेगाद

बिमलां (ती लांबट आंबट फळं) आहेत ना परसात? चार बिमलां ठेचून त्यात रात्रभर ठेवा, सकाळी नारळाच्या शेंडीने घासा. देव्हाऱ्यातली तांब्याची भांडी आमच्या घरी पिढ्यान्पिढ्या अशीच लखलखतात. बिमलां नसली तर आमसुलं किंवा चिंच. उगाच शास्त्र नको.

रसायनवाला_मडगाव

कुळागरी, कृपा करून वरचा सल्ला ऐकू नका. सुशेगादबाब, राग मानू नका. तांब्याचा तांब्या घासायला बिमलां उत्तमच, कारण तांब्याला वरचा थर गमावला तरी काही बिघडत नाही. नाण्याचं तसं नाही. नाण्यावरची अक्षरं पुष्कळदा त्या गंजाच्या थरातच शिल्लक असतात. मातीत दोनतीनशे वर्षं पडलेल्या तांब्याचा पृष्ठभाग खाली खाली खाल्ला जातो, आणि मूळ कडा, अक्षराची धार, ही वरच्या लालसर-काळपट थरात राहते. बिमलातलं ऑक्सॅलिक आम्ल किंवा चिंचेतलं टार्टारिक आम्ल तो थर विरघळवतं. खाली उरतो तो गुलाबी, खड्डे पडलेला तुकडा. चकाकतो खरा, पण वाचायला काही राहत नाही.

आणि हे परत आणता येत नाही. संग्राहक असं ‘उघडं’ नाणं पाहिलं की हातातून खाली ठेवतात.

आता महत्त्वाचं. ती बोटाला लागणारी फिकट हिरवी भुकटी. गडद हिरवा, घट्ट, गुळगुळीत थर असेल तर तो नाण्याचं रक्षण करतो, त्याला हात लावायचा नाही. पण फिकट, पिठासारखी, टोकरली की पडणारी आणि पुसली तरी काही दिवसांनी पुन्हा येणारी असेल तर तो रोग आहे. इंग्रजीत त्याला ब्राँझ डिसीज म्हणतात, पण शुद्ध तांब्यालाही होतो. मातीतलं मीठ, म्हणजे क्लोराइड, तांब्याशी मिळून आत कॉपर क्लोराइड तयार होतं. हवेतला ओलावा आणि प्राणवायू मिळाला की त्यापासून ही भुकटी आणि थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल बनतं, ते आम्ल पुन्हा तांबं खातं, पुन्हा क्लोराइड. बाहेरून काही न घालता हे चक्र चालू राहतं.

जमिनीखाली असताना हे बऱ्यापैकी शांत असतं. बाहेर काढून पावसाळ्यात उघड्यावर ठेवलं की जोर धरतं. साधारणपणे हवेतली आर्द्रता चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांच्या वर गेली की ते चालू होतं असं संवर्धनवाले मानतात. गोव्यात जुलैमध्ये किती असते ते सांगायला नको.

कुळागरी (फोंडा)

पण आमचं घर समुद्रापासून लांब. मीठ येणार कुठून?

मीठागर

माडाला घालता की नाही मीठ? आमच्याकडे पावसाच्या तोंडावर प्रत्येक माडाच्या आळ्यात ओंजळ-दोन ओंजळ जाडं मीठ पडायचंच. शिवाय खारवलेल्या मासळीचं खत. शंभर वर्षांचं कुळागर म्हणजे शंभर वर्षांचं मीठ.

रसायनवाला_मडगाव

मीठागर, अगदी नेमकं. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. म्हणजे माडाच्या आळ्याजवळ निघालेलं नाणं आधी तपासायचं, अंगणातलं नंतर.

काय करायचं ते सांगतो. सगळी नाणी एका भांड्यात टाकू नका, धातू वेगळे तर भांडी वेगळी. आधी डिस्टिल्ड वॉटर. गॅरेजमध्ये बॅटरीत घालायला मिळतं ते चालतं, पण बाटलीवर नीट वाचून घ्या, शेजारीच आम्लाची बाटली तशीच दिसते. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतं. त्यात नाणं ठेवा, पाणी रोज बदला, माती आपोआप सुटत जाते. सुटली नाही तर बांबूची काडी, बाभळीचा किंवा गुलाबाचा काटा घेऊन, भिंगाखाली, मातीच तेवढी उचलायची. काटा धातूपेक्षा मऊ असतो, चरा पडत नाही. टूथब्रश घ्यायचाच तर लहान मुलांचा, अगदी मऊ. वायरब्रश, तारेची घासणी, टूथपेस्ट, यांचं नावही नको.

रोग लागलेल्या नाण्यासाठी सोडियम सेस्क्विकार्बोनेट, ते आतलं क्लोराइड ओढून काढतं. घरी करता येतं: एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये साधारण २२ ग्रॅम खाण्याचा सोडा आणि २८ ग्रॅम निर्जल धुण्याचा सोडा. प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानातून आणा, किराण्यातल्या धुण्याच्या सोड्यात काय काय मिसळलेलं असतं देव जाणे. नाणं त्यात बुडवून ठेवायचं आणि आठवड्याला द्रावण बदलायचं. हे काम महिन्यांचं आहे, दिवसांचं नाही. शेवटी पुन्हा साध्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवायचं, आणि ते पाणी जवळच्या कॉलेजच्या रसायनशाळेत नेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकून घ्यायचे. पांढुरका गढूळपणा आला तर क्लोराइड अजून निघतंय, पुन्हा सोड्यात. मात्र हा प्रयोग सोड्याच्या द्रावणावर थेट करू नका, तिथे कार्बोनेटमुळेच गढूळ होईल आणि तुम्ही फसाल.

झालं की अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून काढा, म्हणजे फटींतलं पाणी निघतं. चूल-गॅसपासून लांब, खिडकी उघडी ठेवून. मग हवाबंद डबा आणि सिलिका जेल.

काही लोक ऑलिव्ह तेलात महिनोन्महिने ठेवायला सांगतात. पूर्वी सर्रास करायचे. तेलही सावकाश आम्लासारखंच वागतं आणि नाणं काळं पाडतं, शिवाय नंतर कसलाही लेप नीट बसत नाही. मी करत नाही.

सुशेगाद

एवढ्या उपद्व्यापात माणूस म्हातारा होईल. पण बिमलात ऑक्सॅलिक आम्ल असतं हे आज कळलं. माझ्याकडे एक घासलेलं आहे, आता त्याचं काय?

रसायनवाला_मडगाव

आता काही करू नका. आम्ल पुरतं निघण्यासाठी डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा, वाळवा, ठेवून द्या. कृत्रिम काळपटपणा आणणारी द्रावणं मिळतात, पण त्याने ते खोटंच दिसतं.

जुनंनाणं_म्हापसा

फोटो पाहिले. आता नाण्यांकडे वळू या का? साफ कसं करायचं हे ते काय आहे यावर ठरतं.

१८८१ चं सोपं आहे. पोर्तुगालच्या लुईस राजाचं, पाव तांगा, म्हणजे १५ रेइस. एका रुपियाचे १६ तांगा आणि एका तांग्याचे ६० रेइस असा हिशोब होता. गोव्याची टांकसाळ १८६९ मध्ये बंद झाली, त्यानंतर इंग्रजांशी झालेल्या करारानुसार ही नाणी कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडली गेली. म्हणून त्यांची धार, गोलाई सगळं ब्रिटिश हिंदुस्थानच्या पाव आण्यासारखं वाटतं. भरपूर मिळतात, किंमत फार नाही. तपकिरी रंग शाबूत असेल तर तसंच ठेवा.

१९४७ चं म्हणजे एक रुपिया. त्यात चांदी निम्मीच, बाकी तांबं. तुम्हाला दिसणारा हिरवा थर त्या तांब्याचा आहे. चांदी म्हणून अ‍ॅल्युमिनियम फॉइल, खाण्याचा सोडा आणि गरम पाणी हा घरगुती प्रयोग करायचा मोह होईल. तो पैंजणांना ठीक, या नाण्याला नको, रंग ठिगळाठिगळांचा होतो. पुढे १९५२ ला तोच रुपिया तांबं-निकेलचा झाला, आणि १९५८ पासून एस्कुदो आले, सहा एस्कुदोंचा एक रुपिया. मुक्तीनंतर तेही गेले. घराघरांतल्या डब्यांत जे ‘पाखल्यांचे (पोर्तुगिजांचे) पैसे’ सापडतात ते बहुतेक या शेवटच्या काळातले.

‘श्री राजा’ वाचता येतंय त्या म्हणजे शिवराया. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’. लगेच मिशीला पीळ देऊ नका, सगळ्या शिवराया महाराजांच्या हयातीतल्या नसतात. पेशवाईत आणि त्यानंतरही त्या पाडल्या जात होत्या आणि आपल्याला मिळतात त्यांतल्या बहुसंख्य उत्तरकाळातल्याच. अक्षरांची वळणं पाहून अंदाज बांधावा लागतो, आणि हीच वळणं बिमलांनी गेली की संपलं.

फोंड्यात शिवराई मिळणं मात्र अगदी साहजिक. महाराजांनी १६७५ मध्ये फोंड्याचा किल्ला घेतला. पुढे हा मुलूख सौंद्याच्या राजांकडे होता आणि पोर्तुगिजांच्या हाती आला १७६३ मध्ये. म्हणजे पोर्तुगीज तिसवाडीत १५१० पासून, बारदेश-साष्टीत १५४३ पासून, आणि फोंड्यात त्यानंतर सव्वादोनशे वर्षांनी. डिचोली-सत्तरी, पेडणे तर आणखी उशिरा. तेव्हा नाणं कुठल्या तालुक्यात सापडलं हे नाण्याइतकंच महत्त्वाचं. जुन्या काबिजादीत (तिसवाडी, बारदेश, साष्टीत) शिवराई मिळाली तर ती व्यापारातून आली म्हणायची, तुमच्याकडे ती रोजच्या बाजारातली.

आणि ते करडं, मऊ, चाकवालं. फोटो पाहून मी खुर्चीत सरळ बसले. तो बहुधा बझारूक आहे.

कुळागरी (फोंडा)

बझारूक? तो तांब्याचा असतो ना?

जुनंनाणं_म्हापसा

सुरुवातीला तांब्याचाच. नंतर तुतेनाग नावाच्या मिश्रधातूचे पाडले, जस्त, शिसं, कथील असं काहीतरी, प्रमाण बदलतं. जस्त चीनच्या व्यापारातून यायचं. ओतीव, ओबडधोबड, बाजारातल्या भाजीपाल्याचं सगळ्यात बारीक चलन. चाक म्हणजे संत कातारीनाचं. २५ नोव्हेंबरला, तिच्या सणाच्या दिवशी, पोर्तुगीज सेनापती आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा घेतला म्हणून ते चाक नाण्यांवर आलं आणि पुढे पोर्तुगीज भारताच्या राजचिन्हातही जाऊन बसलं. ज्याच्यावर साल नाही असे पुष्कळ असतात, तुमच्यावरही दिसत नाही.

त्याला साबण, आम्ल, सोडा, काहीही लावू नका. तांब्याचा उपाय इथे चालत नाही. रसायनवालाबाब सांगतील.

रसायनवाला_मडगाव

बरोबर. जस्त आणि शिसं दोन्ही आम्लालाही खंगतात आणि सोड्यासारख्या अल्कलीलाही. डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडा वेळ, काट्याने माती, लगेच अ‍ॅसिटोन, लगेच वाळवण. बस. लाकडी पेटीत ठेवू नका. लाकडातून अ‍ॅसेटिक आम्लाची वाफ सुटत राहते, शिशावर पांढरी भुकटी धरते. आजीच्या फणसाच्या पेटीत ठेवायची हौस असेल तर तांब्याची ठेवा, तीही नको खरं तर.

तांबडीमाती (डिचोली)

यंत्राचा प्रश्न कुणीच घेतला नाही म्हणून मी.

तुमचा दोष नाही, जमिनीचा आहे. जांभ्यात लोहाचे ऑक्साइड ठासून भरलेले असतात. यंत्राचं चाक (कॉइल) जमिनीत चुंबकीय लहर सोडतं आणि परत येणारा प्रतिसाद ऐकतं. जांभा स्वतःच प्रतिसाद देतो, त्यात नाण्याचा बारीक आवाज बुडून जातो. युरोपातल्या नांगरट शेतात चालणारी सेटिंग्ज आपल्याकडे निरुपयोगी. आमच्या डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यात तर विचारूच नका, खनिजाचा खडाच नाणं असल्यासारखा वाजतो. एक चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मातीवरून फिरवा. पिशवीला काळी-तांबडी भुकटी मिशीसारखी चिकटली तर काय जमिनीशी गाठ आहे ते कळेल.

उपाय असे. यंत्र सुरू केल्यावर धातू नसलेल्या जागेवर चाक वरखाली हलवत ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे जमिनीचा स्वतःचा प्रतिसाद यंत्राला वगळायला लावा, आणि अंगणातून कुळागरात उतरलात की पुन्हा करा, माती बदलते. संवेदनशीलता कमी करा. लोकांना वाटतं जास्त म्हणजे खोल, आपल्याकडे जास्त म्हणजे नुसता गोंगाट. लहान चाक मिळालं तर घ्या, एका वेळी कमी जमीन पाहतं म्हणून खिळ्याशेजारचं नाणं वेगळं ऐकू येतं. चाक सावकाश, जमिनीला समांतर. जिथे दोन्ही बाजूंनी जाताना एकच, आखूड, गोल आवाज येतो तिथेच उकरा. एका बाजूने वाजतं, दुसऱ्या बाजूने खरखरतं, तो खिळा. खोलीची आशा वीतभरच ठेवा.

पडद्यावरच्या आकड्यावर फार विसंबू नका. बिअरचं बूच आणि तुमचा तो बझारूक साधारण एकाच पट्टीत वाजतील.

उकरताना पोफळीची मुळं वरवर असतात, खोरं चालवू नका. लहान खुरप्याने तीन बाजूंनी कापून मातीचा तुकडा झाकणासारखा उचला, काम झालं की परत बसवा. पातेऱ्यात (वाळक्या पाल्यात) हात घालायच्या आधी काठीने सारा, कुळागरात आपल्याआधी इतर मंडळी राहतात. आणि मे महिन्यात जांभा दगड होतो. पहिले दोन पाऊस पडून गेले की मऊ होतो आणि ओल्या मातीत नाणं वाजतंही बरं.

लाटेवरचा (कोलवा)

किनाऱ्यावर फिरणाऱ्यांसाठी एक. खाऱ्या ओल्या वाळूत साधी एक-फ्रिक्वेन्सीची यंत्रं वेड्यासारखी वाजतात, कारण खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं. कोरड्या वाळूत चालतात. ओल्यासाठी अनेक फ्रिक्वेन्सींचं नाहीतर पल्स इंडक्शनचं यंत्र लागतं. पावसाळ्यात समुद्र वाळू ओढून नेतो, तेव्हा खालचा कठीण थर उघडा पडतो आणि तिथेच काही मिळालं तर मिळतं. दिवाळीनंतर वाळू परत येते, मग नुसती बुचं.

मोरजी, आश्वे, आगोंद, गालजीबाग इथे कासवं अंडी घालतात. हंगामात तिथे वाळूला खुरपं लावायचं नाही, विषय संपला.

आणि पर्यटकाची अंगठी सापडली तर ती तुमची होत नाही. सापडलेली वस्तू मूळ मालकाला पोचवायची जबाबदारी शोधणाऱ्यावर येते. पोलीस चौकीत द्या.

वकीलकाका

सगळं वाचलं. आता मी आनंदावर विरजण घालतो.

यंत्र बाळगणं गुन्हा नाही. प्रश्न सुरू होतो उकरण्यापासून. भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ आजही लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीला पक्क्या जोडलेल्या कशातही, म्हणजे घराच्या भिंतीतसुद्धा, लपवलेली कुठलीही मौल्यवान वस्तू म्हणजे निधी. त्याची किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असली की शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं: काय मिळालं, किती, अंदाजे किंमत, कुठे, कधी. आणि वस्तू सरकारी खजिन्यात जमा करायची किंवा हमी द्यायची. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, शिवाय तुमचा वाटा जातो तो वेगळा.

दहा रुपये १८७८ चे. आता त्या आकड्यावर हसू येतं, पण कायद्यात तोच आहे.

जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढतात, हक्क सांगणाऱ्यांसाठी चार ते सहा महिन्यांच्या दरम्यानची तारीख ठेवतात. कुणी सिद्ध करू शकलं नाही तर निधी बेवारस ठरतो. मग जागेचा मालक वेगळा असेल आणि आपसात ठरलेलं नसेल तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला, एक चतुर्थांश जागामालकाला. सरकारला हवा असल्यास धातूची किंमत आणि तिच्या एक पंचमांश जादा देऊन घेता येतो. म्हणजे कायदा तुमच्या विरोधात नाही, फक्त सांगा म्हणतो.

वाटेवर एकेकटी पडलेली नाणी ‘लपवलेली’ म्हणायची का यावर मी दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करू शकतो. मडकं निघालं तर युक्तिवादाला जागाच नाही. सत्तरीत नानोडा-बांबरला २०२३ मध्ये काजूच्या बागेत ८३२ तांब्याच्या नाण्यांचं मडकं मिळालं आणि ते सरकारच्या ताब्यात देण्यात आलं. रस्ता तो आहे.

शिवाय जमीन कुणाची? कोमुनिदादची (गावकीची), देवस्थानची, शेजाऱ्याची असेल तर परवानगीशिवाय खुरपंही नको. कुळागर एकत्र कुटुंबाचं असेल तर भावंडांना आधी विचारा, नाण्यापेक्षा त्यावरून झालेला दावा जास्त वर्षं टिकेल. संरक्षित स्मारकाच्या आवारात, जुन्या गोव्यात, चांदरला, फोंड्याच्या साफा मशिदीकडे, यंत्र घेऊन पाय टाकू नका. स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित.

लिस्बनचा_पाव्हणा

काका, मी डिसेंबरात येतोय. आजोबांच्या पेटीतली १९०१ ची कार्लुस राजाची तांब्याची नाणी इकडे आणायची म्हणतोय. मातीतली नाहीत, घरातलीच आहेत. चालेल ना?

वकीलकाका

नाही चालणार. पुरावशेष आणि कलावस्तू अधिनियम १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं हा पुरावशेष आहे आणि तो खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. मातीतला की पेटीतला, फरक नाही. १९०१ ची नाणी त्यात येतात. १९३४ चे तांगा अजून शंभरीत नाहीत, पण दाबोळीला अधिकाऱ्याला पटवण्यात विमान चुकेल. फोटो काढून न्या.

मीठागर

एक शंका. सांगितलं की घेऊन जातात, परत काही कळत नाही, असं सगळेच म्हणतात. माझ्या ओळखीतल्या एकाने काही जुन्या वस्तू एका कार्यालयात दिल्या, पोचपावती मागितली तर ‘नंतर या’. तेव्हा लोक गप्प बसतात तो लोभच असतो असं नाही.

वकीलकाका

खरं आहे, आणि म्हणूनच तोंडी काही करायचं नाही. दोन प्रती करून एका प्रतीवर आवक शिक्का घ्यायचा. प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो, शेजारी मोजपट्टी, वजन. हे सगळं अर्जाला जोडायचं. शिक्का मारला नाही तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने.

जुनंनाणं_म्हापसा

आणि त्यात जागा नीट लिहा. ‘कुळागरात’ एवढं नको. तुळशीपासून किती पावलं, किती खोल, शेजारी काय होतं. बझारूक आणि शिवराई एकाच थरात, हातभर अंतरावर निघाली असतील तर ती गोष्ट दोन्ही नाण्यांपेक्षा मोठी आहे. फोंड्याच्या एखाद्या घरात मराठी पैसा आणि फिरंगी पैसा एकाच कनवटीला होता, हे त्यातून दिसेल. खड्डा बुजण्याआधीच टिपून ठेवा.

अवांतर: कुणी ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ आणि त्यावर राम-सीता किंवा हनुमान असलेलं नाणं लाखाला विकत असेल तर पळून जा. कंपनीने अशी नाणी कधी काढली नाहीत. ते यात्रेत विकायचे बिल्ले. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातही दिसतात.

सुशेगाद

लाखाला? माझ्याकडे हनुमानाचं एक आहे. म्हणजे आता तेही गेलं.

कुळागरी (फोंडा)

सगळ्यांचे आभार. बझारूक आणि शिवराई एका खड्ड्यातली नाहीत, पण एकाच पाणंदीवरची आहेत, जोत्याच्या खालच्या बाजूला. भुकटीवालं मात्र माडाच्या आळ्यालगतच निघालं होतं, मीठागरांनी बरोबर ओळखलं. ते वेगळ्या बाटलीत ठेवलंय. यंत्र परत गेलं आखाताला, तेव्हा कोकलण्याचा प्रश्न तूर्त मिटला. अर्ज करतो आहे, काकांना मसुदा व्यक्तिगत निरोपातून पाठवतो.

शेवटचा प्रश्न: बाकीची सध्या नाण्यांच्या अल्बममध्ये घातली आहेत, बाजारात मिळतो तो पारदर्शक खिशांचा. चालेल?

रसायनवाला_मडगाव

खिसे मऊ आणि नव्या रेनकोटसारखा वास येणारे असतील तर आजच बाहेर काढा. तो पीव्हीसी. आपल्या उकाड्यात त्यातून आम्ल सुटतं आणि तांब्यावर हिरवा चिकट थर येतो. पॉलिप्रॉपिलीन किंवा मायलर लिहिलेले घ्या, जरा कडक असतात, वास येत नाही. चिकट थर आधीच दिसत असेल तर अ‍ॅसिटोनने निघतो. बझारूक अल्बममध्ये घालूच नका, मऊ आहे, सरकवताना कड मोडेल. छोट्या प्लॅस्टिकच्या डबीत, आम्लविरहित कागदावर, सिलिका जेलची पुडी शेजारी. आतल्या दाण्यांचा रंग बदलला की ते पुडीतून काढून मंद आचेवर तव्यात परतून घ्या. पावसाळ्यात हे दर पंधरवड्याला करावं लागेल.